प्लेटलेट्सचा आकडा की अंगावरच्या खुणा?

आईला एमडीएस, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, वीस-पंचवीस हजारांत रेंगाळतात. ब्लीडिंगचा धोका घरी ओळखायचा कशावरून? आम्ही दोन्ही करून पाहिलं: आधी दर तिसऱ्या दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी), मग डॉक्टरांशी बोलून आठवड्याला एकच सीबीसी आणि रोज सकाळी अंग तपासणं.

आकड्याची बाजू आधी. १० हजारांच्या खाली गेलं की रक्त वाहत नसलं तरी बऱ्याचदा प्लेटलेट्स चढवतात. दात काढायचा असो वा बायोप्सी, आकडा पाहिल्याशिवाय कोणी हात लावत नाही. शिवाय मेंदूतला रक्तस्राव त्वचेवर आधी वर्दी देईलच असं नाही.

आकड्यावरून माझं मन उडालं ते एका संध्याकाळच्या रिपोर्टने. ७ हजार! झोपलेल्या आईला उठवलं, बॅग भरली, रात्रभर कॅज्युअल्टीच्या बाकावर. पहाटे कोणीतरी स्लाइड पाहिली. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेट्सचे पुंजके झाले होते, आणि मशीन पुंजक्यातल्या प्लेटलेट्स मोजत नाही. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त पुन्हा घेतलं तर २४ हजार. त्या रात्री आईच्या अंगावर नवा टिपकासुद्धा नव्हता. मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून टॉर्च. नडग्यांवरचे टाचणीच्या टोकाएवढे लाल टिपके मी नुसते लिहून ठेवतो. गालाच्या आत काळसर रक्ताचा फोड दिसला तर मात्र लगेच फोन. एकदा दिसला होता, तेव्हा काउंट आठवड्यापूर्वीइतकाच होता. एमडीएसमध्ये आहेत त्या प्लेटलेट्सही नीट काम करतात असं नाही. आयटीपीत (शरीरच आपल्या प्लेटलेट्स नष्ट करतं तो आजार) उलट, थोड्या असल्या तरी ताज्या आणि कामाच्या असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्लॅडो या प्लेटलेट्स चढवण्यावरच्या चाचणीत (ब्लड कॅन्सर, ट्रान्सप्लांटचे रुग्ण) ५ हजार किंवा त्याखालच्या दिवसांपैकी २५ टक्के दिवशी टिपक्यांपलीकडचा रक्तस्राव दिसला, आणि ६ ते ८० हजारांच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात १७ टक्के. तिथे १८ की २४ यावर झोप उडवून घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. तुमचा आजार वेगळा असेल, डॉक्टर सांगतील ते खरं.

आणि असह्य डोकेदुखी, काळी शौच, लाल लघवी किंवा ताप आला की मी डायरी उघडत नाही, रिपोर्टचीही वाट बघत नाही. गाडी काढतो.