टर्बिडिटी मीटर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

आमच्या नळयोजनेचं पाणी वर्धा नदीचं. पावसाळ्यात नदी काळी माती घेऊन येते आणि ती इतकी बारीक असते की टाकीत रात्रभर ठेवली तरी तळाला बसत नाही. तुरटीचा डोस वर्षानुवर्षं डोळ्यांनीच ठरायचा. पण 3 आणि 8 एनटीयूमधला (एनटीयू म्हणजे गढूळता मोजायचं एकक) फरक पहाटेच्या उजेडात कोणाला दिसणार? आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची गढूळता 1 एनटीयू हवी, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालते. म्हणून ग्रामपंचायतीने हा हातात मावणारा टर्बिडिटी, म्हणजे गढूळता मोजणारा मीटर घेतला.

मशीन चांगलं आहे. आत 860 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी आहे आणि पाण्यातल्या कणांवरून 90 अंशात उडालेला प्रकाश ते मोजतं. आकडा काही सेकंदांत येतो, बॅटरी भरपूर टिकते, त्यामुळे लोडशेडिंगची चिंता नाही. एवढं कौतुक पुरे, कारण खरी गंमत कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या गढूळतेच्या द्रावणाशी मशीनचा आकडा जुळवून घेण्यात आहे आणि दुकानदार त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

सोबत अशा द्रावणाच्या चार बाटल्या येतात: झिरो, 20, 100 आणि 800 एनटीयू. व्हायल, म्हणजे मशीनमध्ये ठेवायची छोटी काचेची बाटली भरायची, झाकण लावून हळूच उलटीसुलटी करायची. जोरात हलवली की बुडबुडे होतात आणि मशीन बुडबुड्यालाही गाळच समजतं. मग बाहेरून चष्म्याच्या फडक्याने पुसायची. व्हायलवरचा बाण मशीनवरच्या खुणेसमोर आणायचा, कारण काच सगळीकडून सारखी नसते. व्हायल जराशी फिरवली तरी कमी गढूळतेचा आकडा बदलतो. बारीक ओरखडे असतील तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पसरवून कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळा पुसून काढायचा. हे पाहून आमच्या पंपावरच्या पोराने विचारलंच, "काका, पाणी तं काचेवानी दिसून राह्यलं, मशीन कायले पायजे?" त्याला सांगितलं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीला, पिवळा रंग आला तरी गाळाच्या आड लपलेले जंतू वाचू शकतात. तेव्हापासून व्हायल तोच पुसतो.

सगळ्यात आधी झिरोची बाटली संपते. मग लोक बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतात. ते आम्ही मोजलं, तर आकडा 0.4 च्या आसपास आला. त्यालाच झिरो धरलं की पुढचा प्रत्येक आकडा तेवढ्याने कमी दिसणार. 100 एनटीयूला त्याने काही बिघडत नाही, पण 1.3 चं पाणी 0.9 दाखवून पास होतं! आता आम्ही आरओचं पाणी 0.2 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढतो. तेही अगदी शून्य नसतंच, कारण पाण्याचे रेणू स्वतःच थोडा प्रकाश विखुरतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या जहाजप्रवासात समुद्राच्या निळाईचं कारण म्हणून हेच ओळखलं होतं. समुद्राचं पाणी तर मिठामुळे गोड्या पाण्यापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त प्रकाश विखुरतं, म्हणून समुद्रात सोडायच्या सेन्सरच्या आकड्यातून शुद्ध खाऱ्या पाण्याचा वाटा आधी वजा करावा लागतो. त्यांचं कॅलिब्रेशन बहुतेक वेळा ठरावीक मापाच्या पॉलिस्टायरीन मण्यांवर होतं, आपलं फॉर्माझिनवर, म्हणजे बाटल्यांमधल्या त्या पांढऱ्या गढूळ द्रावणावर.

फॉर्माझिन घरी करावं का, असं बरेच जण विचारतात. कृती सोपी आहे: 1 ग्रॅम हायड्राझिन सल्फेट आणि 10 ग्रॅम हेक्सामिन, प्रत्येकी 100 मिलीचं द्रावण. दोन्ही सारखी घेऊन मिसळली आणि 24 तास ठेवली की 4000 एनटीयूचा पांढरा ढग तयार. पण हे 24 तास तापमान 25 अंशांच्या आसपास लागतं. आपल्याकडे मे महिन्यात अशी खोली दाखवा बरं! शिवाय हायड्राझिन विषारी, कॅन्सरचा संशय असलेलं. पंचायतीच्या टेबलावर, चहाच्या कपांशेजारी ते नकोच. तयार स्टॉक घ्या आणि पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरून टाका, ते टिकत नाही.

बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवायच्या असतात. आमच्या त्या फ्रिजमध्ये असतात, पण कॅलिब्रेशनआधी तासभर बाहेर काढून ठेवतो. श्रावणातल्या दमट हवेत थंड व्हायलवर लगेच दव धरतं आणि आकडा भलताच चढतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की हा त्रास जवळजवळ नाही. उन्हाळ्याचा तेवढाच एक फायदा.

प्रयोगशाळेतला आकडा आमच्याशी जुळेना तेव्हा पंचायतीत बरीच कुजबुज झाली. नमुना एकच होता, पण तिथलं मशीन पांढऱ्या दिव्याचं. पानापाचोळ्याने पिवळसर झालेलं पाणी पांढरा उजेड थोडा गिळतं, त्यामुळे तिकडचा आकडा कमी येतो. इन्फ्रारेडला त्या रंगाचा फारसा फरक पडत नाही. रजिस्टरमध्ये आकड्यासोबत मशीनचा प्रकारही लिहायला लागलो, वाद मिटला.

तक्रार एकच. विक्रेत्याने दुसऱ्यांदा पाठवलेल्या बाटल्यांची मुदत जेमतेम तीन महिने उरली होती आणि बदलून द्यायला त्याने चक्क नकार दिला. ऑर्डर देण्याआधी लेबलचा फोटो मागवा.

या खेपेला 20 आणि 100 च्याच बाटल्या मागवल्या. 800 ची महाग पडते आणि पुराचं पाणी आम्ही तसंही दहापट पातळ करून मोजतो.