निकेल सुपरअलॉयसाठी आयसीपी-एमएस: काही महिने वापरल्यानंतर

पुण्याजवळ भोसरीत आमची धातू तपासणीची लॅब आहे. निकेल सुपरअलॉय (प्रचंड तापमान सोसणारे निकेलचे मिश्रधातू) कास्टिंगचे नमुने वाढले तेव्हा आयसीपी-एमएस घेतलं, म्हणजे विरघळवलेला नमुना आरगॉनच्या प्लाझ्मात सोडून मूलद्रव्यं अणूंच्या वस्तुमानावरून मोजणारं यंत्र. मेक लिहीत नाही. पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही मेकला लागू आहे.

घेतलं ते मुख्यतः बिस्मथसाठी. हा धातू ग्रेनच्या सीमेवर जाऊन बसतो आणि तापलेला पार्ट ठिसूळ करतो, म्हणून टर्बाइनच्या कामात त्याची मर्यादा एक पीपीएमच्याही (दहा लाखात एक भाग) खाली असते. तिथे स्पार्कच्या (धातूवर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून घटक मोजणारं यंत्र) आकड्यावर मी विसंबत नाही. इथे 0.1 ग्रॅम चिप्स (धातूचा कीस) ॲसिडमध्ये विरघळवून 100 मिली केलं की धातूतला 0.5 पीपीएम बिस्मथ द्रावणात 0.5 पीपीबी (अब्जात अर्धा भाग) होतो, आणि 209 वस्तुमानावर तेवढाही स्वच्छ दिसतो. बिस्मथ, शिसं, थॅलियम यांच्याबाबत काही तक्रार नाही.

आर्सेनिकने मात्र घाम काढला. त्याचं स्थिर समस्थानिक एकच, 75. निकेल-58 ला एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन चिकटला की बेरीज 75, आणि यंत्राला तो आर्सेनिकच वाटतो. हायड्रोक्लोरिक वापरलंत तर आरगॉन-40 अधिक क्लोरीन-35, पुन्हा 75! डेमोत पाण्यातलं स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) चालवतात, त्यात हे कुठून दिसणार? यंत्रातल्या सेलमध्ये (जिथे असे जोडआयन वायूला आपटून गाळले जातात) हेलियम सोडल्यावर खोटा आकडा बराच उतरतो. तरी स्टँडर्डमध्ये तेवढंच निकेल घातल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. डेमोला तुमच्याच हीटच्या (भट्टीतल्या एका वितळणीच्या) चिप्स घेऊन जा.

खर्चाचं बोलायचं तर आरगॉन मिनिटाला 15 ते 20 लिटर जातो, म्हणजे 7 घनमीटरचा सिलिंडर एका शिफ्टमध्ये रिकामा. रोज काम असेल तर लिक्विड आरगॉनच घ्या. टंगस्टन, टँटलम असलेल्या ग्रेडना हायड्रोफ्लोरिक ॲसिड (एचएफ) लागतं आणि ते क्वार्ट्झ खातं, त्यामुळे एचएफला टिकणारा टॉर्च (प्लाझ्माची नळी) आणि स्प्रे चेंबर (नमुन्याच्या फवाऱ्याचा भाग) कोटेशनमध्येच लिहून घ्या. नंतर मागितलं की भाव वेगळा. आणि आपल्याकडचा गुरुवार! मेंटेनन्ससाठी लाइट गेली की व्हॅक्यूम सुटतो, परत यायला अर्धा दिवस जाऊ शकतो. यूपीएस व्हॅक्यूम पंपांसकट धरा.

क्रोमियम, मॉलिब्डेनमसारखे रोजचे मुख्य घटक आम्ही अजून स्पार्कवरच करतो. भट्टीवाला उत्तरासाठी थांबलेला असताना चिप्स विरघळवत बसणं परवडत नाही. कार्बन, सल्फर, ऑक्सिजन, नायट्रोजनचे ॲनालायझरही वेगळेच लागतात. त्यांचं बजेट यात गुंडाळू नका.