प्रीमियर पद्मिनी ट्रॅकवर: आधी ब्रेक, मग इंजिन

पन्नाशीच्या आसपास रेसिंगचा नाद लागला तर पहिली गाडी म्हणून जुनी पद्मिनी घ्यावी का? घ्यावी, पण वेगासाठी नाही. १०८९ सीसीचं इंजिन, ४० बीएचपीच्या आसपास ताकद आणि नऊशे किलोच्या घरातलं वजन. सरळ रस्त्यावर आजची कुठलीही हॅचबॅक तिला मागे टाकते. मजा आहे ती वळणात. एकदा घालवलेला वेग परत मिळवायला हिला इतका वेळ लागतो की ब्रेक कधी सोडायचा हे डोक्यात पक्कं बसतं.

कोणती घ्यायची, हे आधी. फियाट ११०० डी हीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी झाली, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेल्यात. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. अशी गाडी किंवा चांगली डुक्कर फियाट (पद्मिनीच्या आधीची गोलसर फियाट ११००) ट्रॅकसाठी कापणं हा गुन्हा समजावा. ऐंशी-नव्वदच्या दशकातली, आतून आधीच उघडीबोडकी झालेली गाडी शोधा. मुंबईपेक्षा पुणे-नाशिककडची बरी, कारण खारी हवा पत्रा खाते. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दरवाजाखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर सौदा सोडा. वरचा रंग कितीही चकचकीत असो.

पुढचं चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती, गेलेली. किंगपिनला नियमित ग्रीस लागतं आणि बहुतेक गाड्यांना ते वर्षानुवर्षं मिळालेलं नसतं.

आता ब्रेक. या गाडीचं खरं दुखणं हेच, आणि पैसे इंजिनावर उधळणाऱ्यांना ते उशिरा कळतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून घासपट्टी (लायनिंग) दाबून गाडी थांबवायची. ट्रॅकवर चार-पाच लॅपनंतर तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि तिघींचा उपाय वेगळा. पेडल हळूहळू खाली जायला लागलं तर ड्रम तापून फुगलाय आणि लायनिंगपासून लांब गेलाय. अशा वेळी एक लॅप सावकाश मारून गार होऊ द्या. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर लायनिंग भाजलंय; जास्त तापमान सोसणारं लायनिंग चिकटवून घ्यायला हवं. पेडल स्पंजासारखं लागलं तर ऑइल उकळलंय. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, म्हणून प्रत्येक इव्हेंटच्या आधी नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढावी. जुन्या मॉडेलला एकच ब्रेक सर्किट आहे, म्हणजे एक व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन वेगळी सर्किटं चालवणारा टँडम मास्टर सिलिंडर ही हौस नाही, गरज आहे. पुढे डिस्क बसवणार असाल तर कॅलिपर (डिस्क चिमटीत धरणारा भाग) ज्यावर बसतो तो कंस नीट घडवून घ्या. वेल्डिंगवर भागवणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, आधार देणारे मेन बेअरिंग तीनच. ५५०० आरपीएमच्या वर सारखं ओढलं तर क्रँक लवते आणि बेअरिंग ठोकायला लागतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे गाडी एकदा उकळली की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. रेडिएटर नवा कोअर टाकून घ्या, तापमापक आकडे दाखवणारा बसवा. सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घ्या; लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो. ऑइल २०डब्ल्यू-५०.

टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपाची तऱ्हा जुन्या टॅक्सीवाल्यांना पाठ आहे: उन्हात पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद पडते, पंपावर ओलं फडकं टाकायचं. ट्रॅकवर फडकं चालत नाही. कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवा. कार्ब्युरेटरला तीन पीएसआय पुरतं, जास्त दिलं तर पेट्रोल अडवणारी नीडल उघडी पडून पेट्रोल वाहतं. ई२० (वीस टक्के इथेनॉल असलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्राम फुगतात, ते सगळे बदला. शिवाय हवा-पेट्रोलचं मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) १२५चा असेल तर १३०पासून सुरुवात करा आणि प्लगचा रंग बघत पुढे जा.

ताकद हवीच असेल तर प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसान ए१२ इंजिन गिअरबॉक्ससकट बसवतात: ११७१ सीसी, ५२ बीएचपी, मेन बेअरिंग पाच. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते, पण हँडल गिअरपासून (स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या गिअरपासून) सुटका होते. हँडल गिअर रोमँटिक वगैरे ठीक आहे. लिंकेजचे बुश झिजले की दुसऱ्याऐवजी चौथा पडतो.

रोलकेजच्या, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या पिंजऱ्याच्या, मुख्य कमानीला सीमलेस पाइप (व्यास × जाडी) ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीच्याला ३८ × २.५ किंवा ४० × २. फर्निचरवाल्याचा पाइप नको. मूळ बाकडं काढून बकेट सीट लावा आणि बेल्ट केजला किंवा पक्क्या मजल्याला बांधा. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वीस मिनिटांत खांदे भरून येतात. या वयात हृदयाची स्ट्रेस टेस्ट करूनच उतरा.

कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी ट्रॅक या गाडीला जमतो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई ३.७ किलोमीटरचा, तिथे सरळ पट्ट्यात बाकीचे निघून जातात. एवढे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे ट्रॅकवर न्यायला फ्लॅटबेडचा खर्च सुरुवातीपासूनच बजेटमध्ये धरा. आणि गाडी परत चढवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. तापलेला ड्रम लायनिंगला धरून बसतो. चाकांना ओंडके लावा, गिअरमध्ये टाका.