हिवाळ्यात ट्रेलर बाहेर ठेवायचा आहे: ताडपत्री, कव्हर, शेड की उघडाच?

झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर कडक थंडीत, बर्फात काही महिने बाहेर उभा राहणार असेल, तर चार पर्याय उरतात.

सगळ्यात स्वस्त ताडपत्री, आणि माझ्या मते सगळ्यात वाईटही तीच. दोऱ्या कितीही आवळा, वारा सुटला की ती फडफडणारच. कडेच्या धातूच्या कड्या त्याच त्या जागी घासून रंग उडवतात. शिवाय प्लास्टिकमधून वाफ बाहेर पडत नाही. आतली ओल रात्री ताडपत्रीला खालून थेंब धरते, तिथेच मुरते आणि बुरशीला आमंत्रण देते. त्यापेक्षा छताचे सांधे नीट तपासून, तडे गेलेलं सीलंट नव्याने भरून ट्रेलर उघडाच ठेवलेला बरा. उघड्या ट्रेलरला ऊन लागतं, बर्फ वेळच्या वेळी उतरवावा लागतो, पण कुठे पाणी झिरपतंय ते दिसतं तरी. पुढची बाजू थोडी उंच ठेवली की छतावर पाणी साचत नाही.

मापाने शिवलेलं, हवा खेळती ठेवणारं कव्हर महाग पडतं. ते टिकतं, पण दोन अटींवर. घालण्यापूर्वी ट्रेलर धुऊन कोरडा करायचा, नाहीतर कापडाखालची धूळ सँडपेपरचं काम करते. आणि अँटेना, पन्हळीची टोकं, शिडी अशा टोकदार जागांवर आधी फोम गुंडाळायचा. भरपूर वारा असलेल्या उघड्या माळावर मात्र चांगलं कव्हरही फाटतं.

जागा स्वतःची असेल तर बाजूंनी उघडी पत्र्याची शेड उत्तम. हवा खेळते, ऊन-बर्फ छतावर अडतो. फक्त शेड तिथल्या बर्फाचं वजन पेलणारी आणि जमिनीत पक्की रोवलेली हवी. उंची मोजताना ट्रेलरच्या छतावरचा एसी विसरू नका.

पण यातला कुठलाच पर्याय पाइप वाचवत नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळाचा सांधा किंवा पंप फोडतं. टाक्या आणि गीझर रिकामे करा, नळ उघडे ठेवून पाणी निथळू द्या, मग पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी बनवलेलं प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) त्यांतून फिरवा. गाडीच्या रेडिएटरमधलं नको. त्यात बहुधा विषारी एथिलीन ग्लायकॉल असतं. सिंकखालच्या वाकड्या पाइपातही थोडं ओता, तिथलं पाणी हमखास विसरलं जातं.

पूर्ण चार्ज केलेली लेड-ॲसिड बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याखाली काही अंशांवरच गोठू शकते. म्हणून ती काढून घरात ठेवणं सोपं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, महिनोन् महिने तसाच राहिला तर ब्रेक गंजून चिकटतात. चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. चाकं गवतावर न ठेवता फळ्यांवर घ्या, टायर झाका. उंदरांसाठी पाइप आत शिरतात तिथल्या फटींत स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) कोंबा.

जागा भाड्याची आणि वाऱ्यापासून थोडी आडोशाची असेल, तर मी कव्हर घेईन. वारा थेट अंगावर येत असेल, तर कव्हरचे पैसे छताच्या सीलंटवर घालून ट्रेलर उघडाच ठेवीन आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर मऊ झाडूने छत मोकळं करायला जाईन.