‘सरकारमान्य’ डॉक्टरकीचं सर्टिफिकेट घेताय? आधी त्यावरची बारीक अक्षरं वाचा

दवाखान्यात दहा-बारा वर्षं काढलेला कंपाउंडर हे डॉक्टरकीची बोगस सर्टिफिकेटं विकणाऱ्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. इंजेक्शन देता येतं, सलाइन लावता येतं, गावात आधीपासूनच ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात. कमी असतो तो कागद. मग एजंट येतो. “एवढा अनुभव आहे, परीक्षा कसली देता? सरळ रजिस्ट्रेशन करून देतो.” मराठवाड्यातल्या एका कंपाउंडरने यापायी 85 हजार मोजले. हातात आलं ते असं : इलेक्ट्रोहोमिओपॅथी उर्फ इलेक्ट्रोपॅथी या वनस्पतींच्या अर्कांवर चालणाऱ्या उपचारपद्धतीची ‘पदवी’, मागच्या तारखांच्या मार्कलिस्ट, ‘आरएमपी’ म्हणजे ‘रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’ असं लिहिलेलं ओळखपत्र आणि गाडीच्या काचेला लावायचं स्टिकर.

सर्टिफिकेट बघण्यासारखं आहे. वर सिंहमुद्रेसारखं दिसणारं चिन्ह, होलोग्राम, ‘कौन्सिल’ हा शब्द ठळक आणि खाली ‘भारत सरकारच्या कायद्यान्वये नोंदणीकृत, अ‍ॅक्ट 21 ऑफ 1860’. हा 1860 चा कायदा म्हणजे संस्था नोंदणीचा कायदा. भजनी मंडळाचीही नोंद त्याच कायद्याखाली होते. नोंद संस्थेची झालेली असते, तुमची नाही. आयएसओ क्रमांक, ट्रेडमार्क, उद्यम नोंदणी यांचंही तेच. क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेचीच वेबसाइट उघडते आणि त्यावर तुमचं नाव अर्थातच ‘व्हेरिफाइड’!

सोबत कोर्टाच्या निकालांच्या आणि सरकारी आदेशांच्या झेरॉक्सचा गठ्ठा देतात. त्यातला केंद्र सरकारचा 25 नोव्हेंबर 2003 चा आदेश नीट वाचला तर तो विकणाऱ्याच्याच विरोधात जातो : मान्यता नसलेल्या पद्धतींच्या पदव्या-पदविका देऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावी, असं त्यात म्हटलंय. राजस्थानने 2018 मध्ये इलेक्ट्रोपॅथीसाठी स्वतःचा कायदा केला, तोही दाखवतात. तो राजस्थानचा, त्याच्या जोरावर महाराष्ट्रात पाटी लावता येत नाही. नावात ‘होमिओपॅथी’ असल्याने गफलत होते, पण या पद्धतीचा बीएचएमएस या होमिओपॅथीच्या पदवीशी काडीचा संबंध नाही.

दुसरा जुना माल म्हणजे प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाचं ‘वैद्य विशारद’ आणि ‘आयुर्वेद रत्न’. या पदव्यांना मान्यता होती ती 1931 ते 1967 एवढीच, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते 2010 मध्ये स्पष्ट केलंय. 1967 साली विशीत असलेला माणूस आज पंच्याहत्तरीच्या पुढे असणार. चाळिशीतल्या माणसाच्या भिंतीवर हे सर्टिफिकेट दिसलं तर हिशोब तुम्हीच करा.

महाराष्ट्रात या पद्धतींच्या डॉक्टरांची नोंद होते ती अशी : अ‍ॅलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद-युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीसाठी महाराष्ट्र होमिओपॅथी कौन्सिल. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आणि बीएचएमएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून. अनुभवावर, पत्रव्यवहाराने किंवा मागच्या तारखेने यातलं काहीही मिळत नाही. औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ कोर्सही नोंदणीकृत होमिओपॅथसाठीच आहे. तो कंपाउंडरला मिळवून देतो म्हणणारा सरळ थापा मारतोय. पडताळणी करताना कौन्सिलची साइट स्वतः उघडा, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून नको. नाव, नोंदणी क्रमांक आणि पदवी तिन्ही जुळवा.

खरी मेख मात्र पावतीत आहे. 85 हजारांपैकी पावती मिळाली 15 हजारांची आणि तीही ‘देणगी’ म्हणून. बाकीचे एजंटच्या खात्यावर. शिवाय स्टॅम्पपेपरवर एक प्रतिज्ञापत्र करून घेतलेलं : ‘मी राज्याच्या कायद्यानुसारच प्रॅक्टिस करीन, कायदेशीर अडचण आल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ म्हणजे विकणाऱ्याला कायदा चांगला माहीत आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पथक दारात आलं की महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट, 1961 च्या कलम 33 खाली गुन्हा पाटी लावणाऱ्यावर दाखल होतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला 2 ते 5 वर्षं तुरुंगवासाची तरतूद आहे. संस्था त्या वेळी प्रतिज्ञापत्र पुढे करते.

पैसे देऊन बसला असाल तर पाटी आधी उतरवा आणि पेशंट तपासणं त्याच दिवशी बंद करा. बँक स्टेटमेंट, यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सर्टिफिकेट कुरिअरने आलं त्या पाकिटासकट सगळं जपून ठेवा, एखादा वकील गाठा आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या. पथक येऊन गेल्यावर दिलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. एजंटचा ‘नूतनीकरणाचे 5 हजार भरा’ असा फोन येईलच. भरू नका; पण तो कॉल रेकॉर्ड करा, कारण अनेकदा तो माणूस स्वतःच्या तोंडाने पैसे घेतल्याचं कबूल करतो ते तेवढ्याच वेळी.