टायट्रेशन पास, फेस नापास

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या पायलट युनिटला पोटॅशियम क्लोराइड मिठापासून फेसावर तरंगवून वेगळं करायचं होतं. कलेक्टर (हव्या त्या कणांवर बसून त्यांना बुडबुड्यांना चिकटवणारं रसायन) म्हणून जनावराच्या चरबीपासून बनणाऱ्या हायड्रोजनेटेड टॅलो अमाइनचे दोन ड्रम मागवले. निम्मे पैसे आगाऊ, बिलावर नुसतं ‘केमिकल’, सर्टिफिकेटची झेरॉक्स. आधी दाखवलेलं सॅम्पल अस्सल होतं. ड्रममध्ये मात्र फ्लेक्सऐवजी चिकट गोळा निघाला. व्यापाऱ्याचं उत्तर तयारच होतं: “साहेब, एप्रिलचं ऊन, गाडीत वितळून पुन्हा थिजलं.” माल ५० अंशांच्या आसपास वितळतोच, त्यामुळे ते पटलंही.

मग टायट्रेशनने, म्हणजे मोजून ॲसिड घालत, अमाइन व्हॅल्यू (मालात अमाइन किती याचा आकडा) काढली. ०.५ ग्रॅम नमुना कोमट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, रंग बदलून शेवट दाखवायला ब्रोमोफिनॉल ब्लू, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. अस्सल मालाला १८.५ मिली लागतात, म्हणजे व्हॅल्यू २०८. इथे १८.४ लागले. पास!

गोम इथेच आहे. रिजेक्ट झालेल्या कोको अमाइनची (खोबरेल तेलापासूनचं, मुख्यतः १२ कार्बनच्या साखळीचं) व्हॅल्यू २८० च्या आसपास असते. त्याचे ७४ भाग आणि पॅराफिन मेणाचे २६ भाग एकत्र वितळवले की बरोबर २०७ येते. टायट्रेशन फक्त अमाइन मोजतं, त्याची कार्बनची साखळी किती लांब ते सांगत नाही.

फ्लोटेशन सेलमध्ये, म्हणजे हवा सोडून फेस काढायच्या टाकीत, लगेच कळलं. संपृक्त ब्राइनमध्ये (क्षारांच्या पाण्यात) १६-१८ कार्बनचं प्रायमरी अमाइन जेमतेम विरघळतं आणि म्हणूनच पोटॅशच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) कणावर बसतं, मिठाला सोडतं. १२ कार्बनचं जास्त विरघळतं, ब्राइन कोमट असेल तर आणखीच, आणि नेहमीच्या डोसला ते पाण्यातच राहतं. फेस भरपूर, पण रिकामा. यावर व्यापारी म्हणाला, “तुमच्या मालात माती आहे.” चिकणमाती अमाइन खाते हे खरंच आहे, त्यामुळे हा बहाणा धोकादायक.

तो मोडायला शुद्ध पोटॅशियम क्लोराइड आणि शुद्ध मीठ निम्मं-निम्मं, एकूण ३०० ग्रॅम घ्या. ब्राइन दोन्ही क्षारांनी संपृक्त हवं, नाहीतर मालच विरघळतो. अमाइनचा डोस टनाला ६० ग्रॅम म्हणजे १ टक्का द्रावणाचे १.८ मिली. द्रावण गोड्या पाण्यात, ६०-७० अंशांवर, १०० ग्रॅम अमाइनला साधारण २२ ग्रॅम ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घालून करा. थेट ब्राइनमध्ये टाकलंत तर गुठळ्या होतात आणि दोष पुन्हा तुमच्यावर येतो. शेजारी अस्सल सॅम्पलचीही एक चाचणी लावा.

उन्हाचा बहाणा तर दहा मिनिटांत मोडतो. अस्सल सॅम्पल वाटीत वितळवून थिजू द्या: वडी कडक होते, नखाने टवका उडतो. ड्रममधला माल बोटाला लोण्यासारखा लागत राहिला.

शेवटी गॅस क्रोमॅटोग्राफी केली, म्हणजे साखळीच्या लांबीनुसार घटक वेगळे करणारी चाचणी. टॅलोमध्ये १२ कार्बनचा पीक (आलेखावरचा सुळका) जवळपास नसतोच. या रिपोर्टात सगळ्यात उंच पीक तोच होता. तोवर दुसरा हप्ताही गेला होता.