नगर रोडचं आत्मपरीक्षणाचं रिट्रीट : कोणी जावं, काय मिळतं, काय खटकतं

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतंच, पुण्यात मराठीतून एखादं चांगलं रिट्रीट, म्हणजे मौन आणि प्रार्थनेचं शिबिर, आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. नगर रोडला, शहर संपत येतं त्या बाजूला एका कॅथलिक संस्थेचं रिट्रीट हाऊस आहे. नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा. मेट्रोने रामवाडीपर्यंत जायचं आणि पुढे रिक्षा. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतं आणि रविवारी जेवण करून सुट्टी. आपण प्रॉटेस्टंट म्हणून कुणी वेगळं वागवत नाही, मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसायची सक्ती नाही, पण रविवारची आपली उपासना चुकते तेवढं पाळकसाहेबांना आधी सांगून जा.

खोली साधी, लोखंडी कॉट, टेबल-खुर्ची, एक बायबल, पंखा. डास भरपूर, कॉइल घेऊन जा. जेवण मला आवडलं, पहिल्या रात्री खिचडी-कढी, सकाळी उपमा, दुपारी वरण-भात-फुलके. सगळं मौन पाळून जेवायचं, त्यामुळे मीठ हवं असेल तर समोरच्याकडे हात दाखवायचा आणि पहिल्या जेवणाला ते फार अवघडल्यासारखं होतं पण दुसऱ्या दिवशी कुणाला काय हवंय ते न बोलता कळायला लागतं. फोन आल्याआल्या पाकिटात घालून काउंटरवर जमा. घरी कुणी आजारी असेल तर ऑफिसचा नंबर घरच्यांना देऊन ठेवा, निरोप लगेच आणून देतात, मी विचारून खात्री केली होती.

आता मुख्य गोष्ट. इथे आत्मपरीक्षण शिकवतात ते इग्नेशियस लोयोलाच्या पद्धतीने. हा १४९१ ते १५५६ मधला स्पेनचा कॅथलिक संत, आधी सैनिकी पेशातला, १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्यापडल्या त्याचं आयुष्य बदललं. त्याने लिहिलेल्या आत्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली १५४८ साली. दिवसाकडे मागे वळून बघायच्या पाच पायऱ्या आहेत, आधी देवाचे आभार, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने बघायचा, मग क्षमा, मग उद्यासाठी ठराव. आभार पहिले आहेत हे मला फार पटलं, कारण आपल्याकडे आत्मपरीक्षण म्हटलं की लोक डायरेक्ट पापांची यादी काढायला बसतात आणि दहा मिनिटांत खचून उठतात.

मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर नगरकडच्या, बोलणं एकदम घरगुती. प्रत्येकाला वेगळा वेळ देतात. मी त्यांना सांगितलं की सिस्टर, हे वर्ष माझं आत्मिकदृष्ट्या कोरडं गेलं, सासरे अंथरुणाला खिळलेत त्यामुळे महिला मंडळ बंद, बायबल वाचन तुटक, प्रार्थनेला बसले तरी काही जाणवत नाही, मी मागे पडलेय असं वाटतं. त्या म्हणाल्या, "ताई, प्रार्थनेचं नंतर बघू, तुम्ही मला कालचा दिवस सांगा, उठल्यापासून." मग मी सांगत गेले, पहाटे चादर बदलणं, अंग पुसणं, बशीत चहा गार करून चमच्याने पाजणं, कूस बदलताना बाबा कण्हतात म्हणून त्यांच्या कानाशी तेविसावं स्तोत्र म्हणणं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, आणि ते पुढची ओळ ओठांनी पुरी करतात. सिस्टरांनी एवढंच विचारलं, "हे रोज म्हणता?" हो, रोजच. "मग हे वहीत आभाराच्या पानावर लिहा." बास. शाबासकी नाही, भाषण नाही. पण वर्षभर मी जे "प्रार्थना होत नाही" म्हणत होते त्याकडे बघायची माझी नजरच बदलली. काही जाणवणं म्हणजे वाढ, असं आपण धरून चालतो आणि वचनात तर थोडक्याविषयी विश्वासू राहण्याबद्दल विचारलंय.

आणि तेवढ्यावर सोडलं नाही त्यांनी, म्हणून हे रिव्ह्यू लिहावंसं वाटलं. दुपारी परत बोलावून विचारलं, या सगळ्या सेवेत मन कडवट कुठे होतं? उत्तर लगेच आलं, दिरांचा फोन येतो तेव्हा. मग त्यांनी ती रेषांची पद्धत दाखवली. वहीत आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेषा आखायच्या, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची, आणि ज्या एका गोष्टीवर काम करायचंय ती जितक्या वेळा घडली तितके ठिपके त्या रेषेवर द्यायचे. एकच गोष्ट घ्यायची, दहा नाही. मग आज कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून बघायचा. हे त्यांच्या मनचं नाही, इग्नेशियसच्या मूळ साधनेतच आहे. माझी वही अजून चालू आहे, काही दिवस रेष कोरी असते, दिरांचा फोन आला की नसते, पण निदान कुठे बघायचं ते माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी मौन थोडा वेळ सोडून गाणी झाली, त्यात मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं घेतली, कॅथलिक-प्रॉटेस्टंट सगळे एका सुरात, फार बरं वाटलं.

आता खटकलं ते. रविवारी सकाळी बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी छापील तक्ता वाटला. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली प्रीती, आनंद, शांती पासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी, प्रत्येकीला दहापैकी मार्क द्यायचे, बेरीज नव्वदपैकी, आणि वर "तुमची आत्मिक पातळी" अशा तीन गटांत वाटणी. दोन दिवस जे शांतपणे उभं केलं होतं ते अर्ध्या तासात विस्कटलं. माझ्या शेजारचा कॉलेजचा मुलगा बेरीज बघून रडवेला झाला आणि मागे दोघी आपापले आकडे एकमेकींना दाखवत होत्या. लूकच्या शुभवर्तमानातला मंदिरात गेलेला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आठवा, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, त्याचा हिशोब चुकीचा नव्हता, तरी नीतिमान ठरून घरी गेला तो ऊर बडवणारा, लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. आणि मत्तय २५ मधल्या दृष्टांतात धन्याने सोपवलेल्या पाच हजारांवर पाच हजार मिळवणारा दास आणि दोन हजारांवर दोन हजार मिळवणारा दास, दोघांना धनी तेच म्हणतो, शब्द न् शब्द तेच, शाबास, भल्या व विश्वासू दासा. तिथे धन्याने टक्केवारी काढलेली नाही. ठिपक्यांची वही आणि हा मार्कांचा तक्ता वरवर सारखे वाटतील पण वहीत माझी तुलना माझ्या कालच्या दिवसाशी आहे, तक्त्यात कुणीतरी ठरवलेल्या पातळीशी. फीडबॅक फॉर्मवर मी हे स्पष्ट लिहिलंय आणि सिस्टरांशीही बोलले, त्यांनी ऐकून घेतलं.

दुसरी उणीव म्हणजे रविवारी दुपारी गाडी सुटली की संपलं, पुढे कुणी विचारणारं नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला जे क्लास सुरू केले ते साधारण बारा-बारा जणांचे, दर आठवड्याला भेटायचं आणि एकमेकांच्या जिवाचं कसं चाललंय ते विचारायचं. तसं काहीतरी इथे सहज जमेल, एका भागातून आलेल्या तिघा-चौघांची ओळख करून दिली तरी पुरे. आम्ही वानवडी-हडपसरच्या तिघींनी आपणहून सुरू केलंय, एकीच्या घरी, चहा आणि वही, जास्त काही नाही.

पैशाचं म्हणाल तर ठरलेली फी नाही, देणगीचं पाकीट देतात, जमेल तेवढं घाला, विद्यार्थ्यांना कुणी काही म्हणत नाही.

कोणी जावं? ज्यांना वाटतं आपण थंड पडलोय त्यांनी आधी. कमिटी, क्वायर, संडे स्कूल सगळ्यात पुढे असणाऱ्यांनीही जावं, कारण इथे चर्चमध्ये काय करता ते कुणी विचारतच नाही, घरातल्यांशी कसे वागता तेच विचारतात. ताजं दुःख घेऊन, म्हणजे घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र थोडं थांबा, एवढं मौन तेव्हा झेपत नाही, आधी पाळकसाहेबांशी किंवा समुपदेशकाशी बोला. मराठी बॅच मोजक्याच असतात, बाकी इंग्रजी, त्यामुळे फोन करताना भाषा विचारूनच नाव द्या, आणि गुडघ्याचा त्रास असेल तर तळमजल्याची खोली तेव्हाच सांगून ठेवा, लिफ्ट नाहीये.